बॅकअप बॉडीला ग्रिप लावू का?

लग्नसराई तोंडावर आली की धंद्यात नव्याने आलेली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात: "ताई, मेन कॅमेऱ्याला ग्रिप आहे, आता बॅकअपलाही घेऊन टाकू का?" विचारणाऱ्याने थोडे पैसे बाजूला काढलेले असतात आणि ते कुठे घालायचे हा त्याच्यासाठी मोठा निर्णय असतो. म्हणून मी 'घे' किंवा 'नको' असं एका शब्दात सांगत नाही.

ज्यांनी मोठा कॅमेरा हाताळलेला नाही, त्यांच्यासाठी आधी ग्रिप म्हणजे काय ते सांगते. लग्नात फोटोग्राफरच्या हातातला कॅमेरा तळाशी जाडजूड, चौकोनी दिसतो. तो खालचा भाग म्हणजे बॅटरी ग्रिप. ती बॉडीच्या तळाला स्क्रूने घट्ट बसते. तिच्यात दोन बॅटऱ्या राहतात आणि कडेला आणखी एक शटर बटण आणि डायल असतो. उभा फोटो घ्यायला कॅमेरा वळवला की नेहमीचं शटर वर जातं आणि कोपर हवेत उचलावं लागतं. ग्रिपवरचं शटर वापरलं की कोपर अंगालगत राहतं. आहेराची रांग दीड-दोन तास चालते, तेव्हा हा फरक खांद्याला कळतो.

माझा मुख्य कॅमेरा कॅनन आर-६ आणि बॅकअपला जुना ६-डी. पहिला २०२० सालचा मिररलेस, दुसरा २०१२ सालचा आरशाचा. आर-६ ला मी ग्रिप लावते, ६-डी ला नाही. याचं पहिलं कारण भुकेचं आहे. कॅमेरा कंपन्यांच्या 'सीपा' या जपानी संघटनेची बॅटरी मोजायची एक ठरलेली चाचणी आहे. तिच्यानुसार ६-डी एका बॅटरीवर, व्ह्यूफाइंडरमधून बघत, हजाराच्या वर फोटो देतो. आर-६ चा आकडा चारशेच्या आत आहे, कारण त्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये छोटा पडदा आहे आणि तो सतत वीज खातो. ६-डी मध्ये आरशावरून आलेला उजेड थेट डोळ्यात येतो, त्याला वीज लागत नाही. प्रत्यक्ष कामात दोन्ही आकडे वर-खाली होतात, पण प्रमाण साधारण तेच राहतं. जो कॅमेरा मुळातच कमी खातो आणि दिवसभर कमी चालतो, त्याच्या पोटात दोन बॅटऱ्या घालून ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही.

दुसरं कारण बॅटऱ्यांच्या वाटणीचं. या दोन्ही कॅमेऱ्यांत एलपी-ई६ कुळातल्याच बॅटऱ्या चालतात. दोघांनाही ग्रिप लावली तर चार बॅटऱ्या कॅमेऱ्यांतच अडकतात आणि बॅगेत ठेवायला आणखी घ्याव्या लागतात. शिवाय कॅननच्या ग्रिपमध्ये दोन्ही बॅटऱ्या साधारण बरोबरीने उतरत जातात. एक संपली आणि दुसरी भरलेली आहे, असं तिथे होत नाही. खिशातली चार्ज केलेली बॅटरी मात्र ज्या कॅमेऱ्याला लागेल त्याला, काही सेकंदांत देता येते.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. एलपी-ई६ ची बॅटरी २००८ सालच्या ५-डी मार्क टू पासून चालत आली. सेव्हन-डी, ६०-डी, ८०-डी, ६-डी आणि पुढे आर-६ पर्यंत तोच आकार टिकला. ग्रिपचं तसं नाही. ५-डी च्या मार्क टू, मार्क थ्री आणि मार्क फोर या तीन कॅमेऱ्यांना तीन वेगळ्या ग्रिपा लागतात. ६-डी ची बीजी-ई१३ ही ६-डी मार्क टू ला बसत नाही. कॅमेरा विकला की ग्रिपही त्याच्याबरोबर जाते, आणि आपला बॅकअप हा बहुतेक वेळा विकायच्या रांगेत पहिला असतो. बॅटरीवर घातलेले पैसे पुढच्या कॅमेऱ्यातही कामाला येतात.

आता ग्रिप घ्यावी अशीही कारणं आहेत, आणि ती मनापासून सांगते. काही जण एकटे काम करतात आणि दोन्ही कॅमेरे दोन खांद्यांवर दिवसभर वागवतात. त्यांचा दुसरा कॅमेरा नावालाच बॅकअप असतो. त्यावर सत्तर-दोनशेसारखी दीड किलोची लेन्स असेल आणि उभ्या फ्रेम जास्त घ्यायच्या असतील, तर ग्रिपने तोल साधतो आणि करंगळीलाही आधार मिळतो. बीजी-ई१३ मध्ये सहा पेन्सिल सेलही चालतात. गावाकडच्या लग्नात दिवसभर वीज नसली, तरी सेल किराणा दुकानात मिळतात. आर-६ च्या ग्रिपला ही सोय नाही.

"दोन्ही कॅमेरे हातात सारखे लागावेत" हे कारणही ऐकू येतं. विचार बरोबर आहे, पण ग्रिपने तो थोडाच साधतो. आर-६ चा मोड डायल उजव्या हाताला, ६-डी चा डावीकडे. हाताला ही सवय सरावानेच लागते. घरी रिकाम्या वेळी दोन्ही कॅमेरे आलटून पालटून चालवणं, हाच त्यावर उपाय.

घ्यायचीच ठरली तर दुकानात कॅमेरा घेऊन जा. ग्रिप बसवा, चाक घट्ट करा, मग एका हाताने बॉडी आणि दुसऱ्या हाताने ग्रिप धरून हलका पीळ द्या. सांध्यात जरा जरी हललं तर ती घेऊ नका, कारण वीज त्याच सांध्यातल्या पिनांमधून जाते. मेनूत दोन्ही बॅटऱ्या दिसतात का ते बघा. कॅननमध्ये बॉडीचं बॅटरीचं झाकण काढून ठेवावं लागतं, ते जपा. निकॉन डी-७५० सारख्या कॅमेऱ्यात बॉडीतली बॅटरी आतच राहते, पण ती बदलायला ग्रिप उतरवावी लागते. गर्दीत ते जमेल का, याचा विचार करा. पट्टा ग्रिपच्या तळाच्या स्क्रूला अडकवू नका. सगळं वजन त्या एका सांध्यावर येतं.

बॅकअप आपण एकाच भीतीपोटी बाळगतो. शेवटची मंगलाष्टका संपते, अंतरपाट दूर होतो आणि नेमका तेव्हाच हातातला कॅमेरा बंद पडतो, ही ती भीती. त्या फोटोला रीटेक नाही. म्हणून बॅकअपवरचा पैसा आधी त्या क्षणाच्या कामी यावा. दोन मूळ कंपनीच्या बॅटऱ्या, जास्तीचा चार्जर आणि एक चांगलं कार्ड आधी घ्या. कामाच्या आदल्या रात्री कार्ड फॉरमॅट करा आणि दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवा, म्हणजे अल्बम लावताना फोटो क्रमाने येतील. मुहूर्ताच्या आधी बॅकअप चालू करून, लेन्स लावून, हाताशी ठेवा. एवढं सगळं झाल्यावर पैसे उरले आणि दुसरा कॅमेरा खरोखर दिवसभर खांद्यावर असेल, तर ग्रिप खुशाल घ्या.