लाकडाची धूळ

करवत चालू लागली की तिच्या दातांखालून भुसा झरू लागतो. ताज्या लाकडाचा वास सुटतो आणि सुतारशाळेवरून जाणाऱ्या मुलाचे पाऊल क्षणभर दाराशी थबकते. खाली साचणारा हा जाडसर भुसा फारसा उपद्रवी नव्हे. काचकागदाने लाकूड घासताना पिठासारखी बारीक धूळ उठते, ती अधिक घातक. ती लवकर खाली बसत नाही. कवडशात तरंगताना दिसते तेवढीच.

ही धूळ श्वासाबरोबर नाकात शिरते. नाकातील केस आणि चिकट श्लेष्मा तिला अडवतात. परंतु वर्षानुवर्षे दिवसभर धूळ येतच राहिली, तर ही रखवाली अपुरी पडते. मग शिंका, खोकला सुरू होतो. कोणाला दमाही जडतो. साग व शिसव यांच्या धुळीने काहींच्या हातांना खाज सुटते, पुरळ उठते. वाळवीला दाद न देणारे लाकूड माणसाच्या कातडीलाही झोंबावे, यात नवल ते काय!

सर्वांत गंभीर गोष्ट मात्र इंग्लंडात उघडकीस आली. लंडनच्या वायव्येस हाय विकम नावाचे गाव आहे. भोवतालच्या टेकड्यांवर बीच वृक्षांची राने असल्यामुळे तेथे खुर्च्या बनविण्याचा धंदा भरभराटला होता. तेथील कान-नाक-घशाच्या शस्त्रवैद्य एस्मे हॅडफील्ड यांच्या ध्यानात आले, की नाकाच्या एका अतिशय दुर्मीळ कर्करोगाचे रोगी आपल्याकडे वारंवार येतात आणि ते लाकडी सामानाच्या कारखान्यांतील कामगार असतात. हा योगायोग म्हणून त्यांनी सोडून दिला नाही. डोनाल्ड अ‍ॅचिसन प्रभृती संशोधकांसह त्यांनी शोध घेतला. १९६८ साली तो प्रसिद्ध झाला आणि संशय लाकडाच्या धुळीवर स्थिरावला. पुढल्याच वर्षी ब्रिटनने हा रोग व्यवसायजन्य मानला. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली.

हे ध्यानात येण्यास इतका काळ का लागला? तरुणपणी धुळीत काम केलेल्या माणसास हा रोग कित्येक दशकांनी, उतारवयात गाठतो. तोवर धुळीची आठवण कोणाला राहणार!

चांगल्या कारखान्यांत आता करवतीशेजारीच नळी बसवून धूळ उठताक्षणी शोषून घेतात. जेथे असे यंत्र नाही, तेथे उघड्यावर काम करणे बरे. नाकावर नुसता रुमाल बांधून भागत नाही, कारण बारीक धूळ त्याच्या विणीतून आत शिरते. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा खास मुखवटाच हवा. संध्याकाळी भुसा लोटण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडतात. कोरड्या केरसुणीने लोटलेली धूळ उडून पुन्हा कारागिराच्याच नाकाशी येते.