आकडी खरी, पण अपस्मार नव्हे

(प्रार्थनालयाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



परिचारिकेची पदविका मी मुंबईत घेतली आणि पुढील सारी सेवा येथे इस्राएलात केली. आजच्या विषयात मी स्वतः एकदा चुकले आहे, म्हणून प्रारंभ त्या चुकीपासूनच करते.

मी शिकाऊ असताना आमच्या वॉर्डात 16 वर्षांची एक मुलगी वारंवार आकडी येऊन दाखल होत असे. डोळे घट्ट मिटलेले, मान डावी-उजवीकडे हलणारी, हातपाय थरथरणारे. आणि हे दहा-दहा मिनिटे चाले. ‘सोंग आहे,’ असे वरिष्ठांनी सांगितले. मी तिच्या नाकाशी अमोनियाची बाटली धरली आणि म्हटले, ‘पुरे आता, ऊठ!’ शुद्धीवर आल्यावर ती रडत म्हणाली, ‘सिस्टर, मी मुद्दाम करत नाही हो.’ ती खरे बोलत होती, हे समजण्यास मला बरीच वर्षे लागली.

अपस्मारात, ज्याला आपण फेफरे म्हणतो, मेंदूतील पेशींमध्ये विद्युत्-लहरींचा अकस्मात उद्रेक होतो. मानवी मेंदूच्या या लहरींची पहिली नोंद जर्मनीतील हान्स बर्गर यांनी 1924 साली केली. तीच आजची ईईजी तपासणी. काही रुग्णांना आकडी येत असतानाही त्या आलेखात असा उद्रेक दिसत नाही. या आकडीस ‘कार्यात्मक आकडी’ म्हणतात. निदानाचा सर्वांत विश्वासार्ह मार्ग म्हणजे चित्रीकरण आणि ईईजी एकाच वेळी करणे. मिटलेले डोळे किंवा लांबलेली आकडी ही केवळ सूचक लक्षणे होत. त्यांवरून घरच्या घरी निर्णय करू नये. काही रुग्णांना दोन्ही प्रकारच्या आकड्या येतात.

मग हे घडते कसे? तापल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो; तेथे आपण विचार करून काही ठरवत नाही. त्याचप्रमाणे एखाद्या मुलास प्रथम घेरी, दुखापत, आजार अथवा भीती यांमुळे झटका येतो. पुढे थोडी चक्कर आली किंवा छाती धडधडली, की ‘आता आकडी येणार’ अशी धास्ती मनात उठते आणि शरीर शिकलेला सारा क्रम आपोआप पार पाडते. प्रत्येक वेळी एखादा मोठा मानसिक आघातच कारण असतो, असे नाही. अपस्माराच्या गोळ्यांनी ही आकडी थांबत नाही. परंतु शरीर जे शिकले, ते त्याला विसरावयासही शिकवता येते. वर्तनोपचाराचे मर्म हेच.

अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठात मुलांसाठी अशी एक पद्धती विकसित झाली आणि 2020 साली तिच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार 8 बैठकांचा. चाचणी लहान होती, अवघी 29 मुले. पण हा उपचार मिळालेल्या मुलांपैकी बहुतेकांना पुढील दोन महिने एकही आकडी आली नाही. प्रौढांसाठी ब्रिटनमध्ये 368 रुग्णांवर वेगळ्या पद्धतीची चाचणी झाली. तेथे वर्षअखेर आकड्यांच्या संख्येत ठोस फरक दिसला नाही, मात्र रुग्णांचे दैनंदिन जीवन सुधारले. म्हणजे हा उपचार जादू नव्हे. परंतु कोवळ्या वयात आशेला जागा मोठी आहे.

आमच्या शेजारच्या कुटुंबाच्या परवानगीने एक अनुभव सांगते. 14 वर्षांच्या नातीची तपासणी निर्दोष आली, तेव्हा आजीबाईंनी मला विचारले, ‘मग पोर नाटक करते का गं?’ मी म्हटले, ‘नाही. आकडी खरी आहे, फक्त औषध वेगळे आहे.’ उपचारतज्ज्ञांनी मुलीला पहिली खूण ओळखण्यास शिकवले: तिची बोटे प्रथम थरथरत. ती थरथरताच तिने तळवे मांडीवर घट्ट टेकावे, पाय जमिनीवर रोवावे, श्वास सावकाश सोडावा आणि समोरच्या माणसाशी बोलणे चालू ठेवावे.

घरच्यांचा धडा याहून कठीण होता. आकडी आली की भोवती गर्दी करावयाची नाही, पाणी शिंपडावयाचे नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवावयाची नाही. इजा होणार नाही एवढे पाहावे, दूर व्हावे, आणि ती सावरताच हातातले काम पुढे चालू करावे. शाळा बुडवू नये. आजीबाई स्वयंपाकघरात हात आवळून उभ्या राहत. त्या मला म्हणाल्या, ‘मला दगड व्हायला सांगतात गं.’ मी म्हटले, ‘दगड नव्हे, भिंत व्हा. तिला टेकता येईल, पण चालायचे तिनेच.’ मुलीच्या आकड्या हळूहळू विरळ झाल्या. परीक्षेच्या आधी एक आली. तरीही ती परीक्षेला बसली.

काही गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. पहिलीच आकडी असेल, पाच मिनिटांहून अधिक चालली आणि निदान अद्याप झालेले नसेल, किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर 101 क्रमांकावर त्वरित फोन करा. शब्बाथ असला तरी करा. जीव वाचवणे आधी. तोंडात चमचा घालू नका. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नका.

आणि अखेरची विनंती. लग्न जमणार नाही, लोक काय म्हणतील, या भयाने मूल लपवू नका. आणि ‘सोंग’ हा शब्द त्याच्या कानी पडू देऊ नका. तो मी एकदा उच्चारला नसला, तरी वागण्यातून दाखवला होता. त्या मुलीची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. तुमच्या घरी ती वेळ येऊ नये.

शालोम.