जुन्या संगणक खेळांची अवीट गोडी

दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात जबलपूरच्या मध्यवस्तीतील बडा फुहारा परिसर माणसांनी फुलून जातो. त्रिपुरी येथील १९३९ च्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण जागवणारे कमानिया गेट, आसपासची सराफी व कापडाची दुकाने आणि खव्याच्या जिलेबीचा दरवळ यांमधून वाट काढीत लोक खरेदी करीत असतात. त्याच सुमारास घराघरांत साफसफाई चाललेली असते. हे शहर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत ते नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात राहिले. त्यामुळे येथे मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. अशा एखाद्या घरात माळा आवरताना कोपऱ्यातले जुने खोके हाती लागते. आत पिवळट पडलेला व्हिडिओ गेम, वायरींचा गुंता झालेले दोन रिमोट आणि चार-सहा कॅसेटी असतात. ‘हे भंगारात देऊन टाकू का?’ असे आई विचारते आणि परगावी नोकरी करणारा, चाळिशी ओलांडलेला मुलगा दूरध्वनीवरून घाईघाईने म्हणतो, ‘नको, ते तेवढे ठेव.’

मोबाइलवर हजारो नवे खेळ क्षणात उपलब्ध असताना या निरुपयोगी भासणाऱ्या वस्तूचा मोह का सुटत नाही? ‘बालपणीची आठवण’ हे उत्तर खरे असले, तरी ते अपुरे आहे.

मर्यादेतून आलेले सौंदर्य

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे यंत्र विक्रीस आणले. त्याच धर्तीची यंत्रे १९९० च्या दशकात ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी भारतीय बाजारपेठांत आली. दूरदर्शन संचाच्या अँटेनाची वायर काढून तेथे यंत्राची वायर जोडायची आणि चित्र स्थिर होईपर्यंत चॅनेल जुळवीत बसायचे, हा खेळापूर्वीचा विधीच असे.

या यंत्राची कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट होती. १९८५ मध्ये आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही सहसा याच्या पन्नासपट जागा व्यापते. इतक्या तुटपुंज्या जागेत एक अख्खे जग उभे करायचे, तर प्रत्येक ठिपक्याचा हिशेब ठेवणे भाग होते. त्या खेळातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचा आकार एकच आहे. पांढरा रंग दिला की ढग आणि हिरवा दिला की झुडूप! मारिओची टोपी आणि मिशाही हौसेपोटी आलेल्या नाहीत. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठी शिगेरू मियामोतो यांनी हे पात्र रेखाटले, तेव्हा मोजक्या ठिपक्यांत केस दाखवणे कठीण होते म्हणून टोपी आली आणि नाक-तोंड वेगळे दिसावे म्हणून मिशी आली.

काटकसरीने संसार करणाऱ्या गृहिणीच्या हातात जसे एक कसब येते, तसेच कसब या खेळांत दिसते. अनावश्यक असे काही नाही आणि आवश्यक त्यात उणीव नाही. नियम दोन मिनिटांत कळतात, मात्र प्रावीण्य येण्यास वर्षे लागतात. बुद्धिबळ वा कॅरम यांप्रमाणे हे खेळ टिकले, त्याचे एक कारण हेच आहे.

आठवणींच्या पलीकडे

माणसाला साधारणपणे किशोरवय आणि तारुण्य या काळातील आठवणी अधिक ठळकपणे आठवतात, असे मानसशास्त्र सांगते. त्या वयात ऐकलेली गाणी, पाहिलेले चित्रपट आणि खेळलेले खेळ म्हणूनच जन्मभर सोबत करतात. परंतु ज्यांचा त्या काळी जन्मही झाला नव्हता, अशी मुलेही हे खेळ आवडीने खेळतात, त्याचा उलगडा कसा करायचा?

‘टेट्रिस’ हा खेळ अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत तयार केला. निन्टेन्डो यंत्रावरील त्याच्या १९८९ च्या आवृत्तीत २९ व्या पातळीला तुकडे इतक्या वेगाने पडू लागतात की, तेथे मनुष्याची क्षमता संपते, असे अनेक वर्षे मानले जात होते. बटण दाबण्याच्या नव्या पद्धती शोधून खेळाडूंनी ही सीमा हळूहळू मागे सारली. अखेर २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील एका १३ वर्षांच्या मुलाने १५७ व्या पातळीपर्यंत मजल मारली आणि यंत्रच जागच्या जागी थिजले. चौतीस वर्षांत ही किमया करणारा तो पहिला मनुष्य ठरला. त्याला या खेळाकडे ओढणारी गोष्ट गतकाळाची हुरहुर नव्हती. खेळ स्वतःच अजून आव्हान देत होता.

एका सतरंजीवरचे खेळाडू

या खेळांचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ते एकत्र बसून खेळले जात. ‘काँट्रा’मध्ये दोघे मित्र एकाच पडद्यावर खांद्याला खांदा लावून लढत. बाकीची मुले मागे सतरंजीवर बसून सल्ले देत आणि आपली पाळी येण्याची वाट पाहत. बहुतेक खेळांत प्रगती जतन करण्याची सोय नव्हती. मध्य प्रदेशात तर विजेचा तुटवडा इतका होता की, २००३ च्या विधानसभा निवडणुकीत तो प्रमुख प्रश्न ठरला. शेवटच्या टप्प्यावर वीज गेली की सारे श्रम वाया जात आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. तरीही मुले पुन्हा बसत. हरणे आणि परत प्रयत्न करणे यांचा तो नकळत झालेला सराव होता.

त्या काळी घरोघरी इंटरनेट नव्हते. तरी ‘काँट्रा’त तीस आयुष्ये मिळवून देणारा बटणांचा गुप्त क्रम खेड्याशहरांतील मुलांना मुखोद्गत होता. वर-वर, खाली-खाली, डावीकडे-उजवीकडे, पुन्हा डावीकडे-उजवीकडे आणि मग शेवटची दोन बटणे! कोनामी कंपनीतील काझुहिसा हाशिमोतो यांना ‘ग्रॅडियस’ या खेळाची चाचणी घेताना तो फार अवघड वाटला, म्हणून १९८६ मध्ये त्यांनी ही पळवाट स्वतःच्या सोयीसाठी ठेवली होती. तीच पुढे मौखिक परंपरेने जगभर पसरली.

संगणकाच्या पडद्यावरील खेळांनी मोठ्या माणसांनाही शिकवले आहे. १९९० च्या ‘विंडोज’सोबत आलेल्या ‘सॉलिटेअर’चा एक हेतू माऊसने वस्तू उचलून दुसरीकडे ठेवण्याचा सराव व्हावा, हा होता. खातेवहीतून संगणकाकडे वळलेल्या अनेक नोकरदारांच्या हाताला माऊसचे वळण पत्त्यांच्या त्या हिरव्या पटावरच लागले.

जतनाचा प्रश्न

या आवडीला आता काळाची टाच लागली आहे. ‘डक हंट’ या खेळातील बंदूक पडद्यावर काही सोडत नाही, उलट पडद्यावरचा प्रकाश टिपते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला तो प्रकाश दिसला की नेम लागला असे समजले जाते. हा सारा मेळ जुन्या, काचेच्या नळीच्या दूरदर्शन संचाच्या गतीशी जुळवलेला आहे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते, त्यामुळे ही बंदूक तेथे निकामी ठरते. म्हणजे खेळ जपायचा, तर संचही जपावा लागतो.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, २०१० पूर्वी त्या देशात प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतरीत्या मिळत नाहीत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये ‘पॅक-मॅन’ व ‘टेट्रिस’ यांसह चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले. परंतु सर्वच खेळांना असे छत्र लाभणार नाही. पुष्कळसा वारसा आजही घराघरांतील माळ्यांवरच आहे.

म्हणून असे खोके सापडल्यास थोडी काळजी घ्यावी. कॅसेट चालेना की तीत फुंकर मारण्याची सवय सर्वांनाच होती. प्रत्यक्षात ती काढून पुन्हा बसवल्याने धातूचे टोक नीट जुळे. श्वासातील ओलाव्याने मात्र कालांतराने ते टोक गंजते. त्याऐवजी कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टोके हलक्या हाताने पुसावीत आणि पूर्ण वाळू द्यावीत. जुना अडॅप्टर जाणकाराकडून तपासून घेतल्याखेरीज जोडू नये. वस्तू कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवाव्यात.

खाते कधीच बंद झालेले असूनही वडिलांच्या हातचे जुने पासबुक कपाटात जपून ठेवणारी माणसे बँकेच्या सेवकांना परिचित आहेत. त्या पासबुकात शिल्लक काहीच नसते, तरी ते टाकवत नाही. माळ्यावरच्या खोक्याचे मोल काहीसे तसेच आहे. फरक इतकाच की, हे खाते अजून बंद झालेले नाही. दिवाळीत मुलगा घरी येईल, आपल्या मुलांना शेजारी बसवील आणि एक रिमोट त्यांच्या हाती देईल, तेव्हा त्यात नवी नोंद होईल.