खेळांतून जुळणारें नातें

जठारपेठेंतील घरीं वडील संध्याकाळीं परततात आणि मुलाला पहिला प्रश्न करितात तो बहुधा अभ्यासाचा. केवळ चौकशीवर नातें वाढत नाहीं. कांहीं काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं गिजुभाई बधेका यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापिला व बालकाच्या स्वयंप्रेरित कृतीला मान दिला. आईनें पदराआडून ‘कुक’ करतांच तान्हें हंसतें. दिसेनासें झालेलें माणूस परत येतें, हा विश्वास त्यांत रुजतो. मोठ्या मुलाच्या खेळांत नियम त्यालाच ठरवूं द्यावे. तेथें आपण गुरुजी होऊं नये. वेळ थोडा चालेल, पण तो रोजचा असावा. आपल्याशीं निर्भयपणें खेळणारें मूलच उद्यां आपली चूकही आपल्यापाशीं बोलावयास धजेल.