ग चा म होतो, तेव्हा

गुरुवार हा भोसरीच्या एमआयडीसीचा सुट्टीचा वार. एरवी शेजारच्या प्रेसच्या दणक्यांत आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. गुरुवारी मात्र गाळ्यांच्या गल्लीत चहावाल्याच्या स्टोव्हचा आवाजसुद्धा ऐकू येतो. अशाच एका गुरुवारी मी मित्राच्या गाळ्यात एक जॉब घेऊन गेलो होतो. स्टेनलेस स्टीलचा गोल बार, व्यास २२ मिलिमीटर, लांबी ८२, एक टोक बंदुकीच्या गोळीसारखं गोल. मित्र तीस वर्षांचा टर्नर. कागदावरचं स्केच पाहून त्यानं विचारलं, "हे कशात बसतं?"

"कशात बसत नाही. तारांवर सरकतं."

त्यानं पुढे काही विचारलं नाही. बार चकमध्ये धरला, टर्न केला, टोकाला गोलाई दिली. मग ४०० नंबरचा पेपर, मग ८००, मग १२००, शेवटी बफिंग. पूर्ण झाल्यावर त्यानं डोळे मिटून बारवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एका जागी थांबला, पुन्हा चकमध्ये धरला. टूलची ती पुसटशी रेघ मला दिसलीही नव्हती. तारेला मात्र ती लगेच कळली असती, कारण बारवर जेवढी खरखर असेल तेवढी सुरात उतरते.

हा पाव किलोभर वजनाचा बार डाव्या हातात धरून जे वाद्य वाजवतात ते पेडल स्टील गिटार. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते वाद्य वाटतच नाही. चार पायांवर उभं असलेलं अरुंद टेबल, वर दहा तारा, खाली पायाशी तीन-चार पेडल आणि गुडघ्यांच्या आजूबाजूला लोंबणारे चार-पाच लिव्हर. तारांखाली पडद्यांच्या रेघा असतात, पण त्या फक्त डोळ्यांसाठी. तार त्यांना टेकतच नाही. बार जिथे असेल तिथे सूर. त्यामुळे दोन सुरांमधली सगळी जागा मोकळी राहते, आणि मींड ही या वाद्याची कसरत नसून मूळ स्वभाव आहे.

मुळात हे हवाई बेटांचं देणं. ओआहू बेटावरच्या लाइए गावातल्या जोसेफ केकुकू या मुलानं १८८९च्या सुमारास गिटारच्या तारांवर रेल्वेचा बोल्ट सरकवून पाहिला, अशी हकिकत सांगतात. तिथून ही पद्धत अमेरिकाभर पसरली. वीज आल्यावर स्टील गिटार विजेवर वाजू लागली. लूनी ट्यून्सच्या कार्टूनच्या अगदी सुरुवातीला सुर्रकन वर चढणारा जो सूर लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकला, तो स्टील गिटारचा. वाजवणारे फ्रेडी टवारेस, हवाईचेच. पुढे फेंडर कंपनीत स्ट्रॅटोकास्टर ही गिटार घडवणाऱ्यांमध्येही ते होते.

या वाद्यात एक अडचण होती. बार सरळ असतो, म्हणून तो सरकवला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा सारख्याच चढतात किंवा उतरतात. एक तार जागेवर ठेवून शेजारची वर न्यायची असेल तर बार तिरका करण्याची कसरत आली. पेडलची कल्पना यातून निघाली, आणि ती प्रत्यक्षात उतरवणाऱ्यांमधला एक मोठा माणूस कोण होता हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. पॉल बिग्जबी मोटरसायकलच्या शर्यतींतला गडी, लॉस एंजेलिसच्या क्रॉकर मोटरसायकल कंपनीतला पॅटर्नमेकर. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा साचा घडवण्यासाठी लागणारा नमुना. आपल्याकडे चिंचवड-भोसरीच्या फाउंड्र्यांमध्ये आजही त्याला पॅटर्नच म्हणतात. या बिग्जबीनं १९४८ साली स्पीडी वेस्ट या वादकाला पेडलची स्टील गिटार बनवून दिली. मोटरसायकलवाल्याच्या हाताला लिंकेज नवीन नव्हतं.

आकुर्डीत बनलेली चेतक ज्यांनी चालवली आहे त्यांना यातली यंत्रणा लगेच कळेल. उजव्या पायानं ब्रेक दाबला की केबल ओढली जाते आणि मागच्या चाकाशी एक छोटी दांडी वळते. इथे पेडल दाबलं की उभी सळई खाली येते आणि गिटारच्या पोटातला आडवा शाफ्ट थोडासा फिरतो. शाफ्टवर बेलक्रँक बसवलेले असतात. ते आडव्या सळया ओढतात, आणि सळया उजव्या टोकाला असलेल्या बोटाएवढ्या धातूच्या तुकड्यांना फिरवतात. त्यांचं नावही फिंगर. प्रत्येक तार आपापल्या फिंगरवरून वळून त्यालाच अडकवलेली असते. फिंगर फिरलं की तार ताणली जाते, सूर चढतो. पाय सोडला की तार मूळ जागी येते. किती चढायचं ते सळईच्या टोकाच्या नायलॉनच्या नटनं ठरतं. चेतकच्या ब्रेकची केबल आपण नट फिरवून टाइट करायचो, अगदी तसंच. मात्र तिथे थोडा प्ले असला तरी चालायचं. इथे तार हजार वेळा चढली तरी हजार वेळा त्याच सुरावर उतरली पाहिजे, आणि तसं वाद्य बनवायला टूलरूमचा हात लागतो.

आता यातून ऐकू काय येतं ते सांगतो, कारण सगळी गंमत तिथे आहे. सर्वांत रूढ जुळणीला ई-नाइन म्हणतात. तिच्यातल्या सहाव्या, पाचव्या आणि चौथ्या तारा छेडल्या की आपल्या भाषेत ग, प आणि वरचा सा ऐकू येतात. तिन्ही गुंजत असताना डाव्या पायानं पहिली दोन पेडल एकदम दाबायची. सा जागच्या जागी राहतो. ग हळूच वर सरकून म होतो, प सरकून ध होतो. बार हललेला नसतो, उजव्या हातानं नवी तार छेडलेली नसते, तरी घराची भिंत न पाडता खोली बदलावी तसा सगळा सुरमेळ बदलतो. पहिल्यांदा माझ्याच पायाखाली हे घडलं तेव्हा मी पेडल धरून बसलो, सूर विरेपर्यंत सोडवेना.

हा परिणाम जगाच्या कानावर पडला तो बड आयझॅक्स या वादकामुळे. वेब पियर्सच्या 'स्लोली' या गाण्यात त्यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. ध्वनिमुद्रण १९५३चं. पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला तेही याच वर्षी. तिकडे नॅशव्हिलचे स्टील गिटारवाले आपापल्या वाद्यांना पेडल लावायला धावले. बडी एमन्ससारख्या वादकांनी नंतर वाद्यच नव्यानं घडवलं, जादा तारा आणि बदल आणले. आणि हे वाद्य अमेरिकेच्या कंट्री संगीतातच अडकून पडलं असंही नाही. नायजेरियात किंग सनी अडे यांच्या जुजू संगीतात ढोलांच्या गर्दीतून डेमोला अडेपोजू यांचं पेडल स्टील तरंगत वर येतं. ते एकदा जरूर ऐका.

आपल्याकडे पेडल आलं नाही, पण स्टील गिटार केव्हाच आली आणि 'हवाईयन गिटार' म्हणून घरचीच झाली. टाऊ मो हे हवाईचे कलाकार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात राहत होते. तिथे या वाद्याची मोठी परंपरा उभी राहिली. काझी नजरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध हेही त्यातलेच. इकडे मुंबईत व्हॅन शिपली यांची विजेवरची गिटार आणि आपल्या पुण्याचे एनॉक डॅनिअल्स यांचं अकॉर्डियन, या जोडीच्या सिनेगीतांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी या गिटारवर राग मांडला. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये संतूर आणि बासरीसोबत आहे ती त्यांची गिटार. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा तर १९९४ साली ग्रॅमीपर्यंत पोहोचली. या सर्वांना पेडलची गरज पडली नाही, कारण आपलं संगीत एका वेळी एका सुराचा माग काढतं. पेडल स्टील आपल्याला नवं काय देतं, तर एक मींड चालू असताना तिच्या शेजारी स्थिर उभा असलेला दुसरा सूर. तानपुरा ऐकून वाढलेल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही.

तानपुऱ्यावरून आणखी एक. नीट जुळलेल्या तानपुऱ्यातून न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. हार्मोनियमचा ग सा पासून ४०० सेंटांवर असतो, हा स्वयंभू ग ३८६ वर, म्हणजे १४ सेंट खाली. पेडल स्टीलचे अनेक जुने वादक आपल्या ग च्या तारा मशीनच्या काट्यापेक्षा साधारण तेवढ्याच खाली उतरवतात. त्यांना कुणी किराणा घराणं शिकवलेलं नाही. कानच त्यांना तिथे घेऊन गेला.

शिकायचं कसं, हे मला बरेचजण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी पेडलच्या मागे लागू नका. नवं वाद्य हजार डॉलरच्या पुढे जातं, शिवाय वाहतूक आणि जकात. मी पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या हवाईयन गिटारवर चार वर्षं काढली. साध्या गिटारच्या वरच्या टोकाला तारा उचलून धरणारी पट्टी बसवली तरी काम भागतं. मांडीवर आडवी ठेवा, तानपुरा लावा, आणि बार ठेवण्याआधी सूर गा. बार पडद्याच्या रेघेच्या मागे नको, बरोबर वर हवा. तिरकं पाहिलं तर डोळा फसवतो. बारच्या मागे अनामिका आणि करंगळी तारांवर हलकी टेकलेली राहू द्या, नाहीतर मागचा अर्धा भागही किणकिणत राहतो. उजव्या हाताचं खरं काम छेडण्याइतकंच थांबवण्याचं आहे. एक तार वाजली की तिच्या आधीची तळव्याच्या कडेनं शांत करायची. यातच माझं एक वर्ष गेलं.

माझं पेडल स्टील भाच्यानं अमेरिकेहून परतताना आणलं. जुनं, एका गळ्याचं, तीन पेडलांचं. तेव्हा कळलं की डावा पाय पेडलवर, उजवा आवाजाच्या पेडलवर, दोन्ही गुडघे लिव्हरवर आणि दोन्ही हात वर, असं सगळं शरीर एका सुरासाठी राबतं. सेकंड शिफ्टवरून आल्यावर चिंचवडच्या फ्लॅटमध्ये कानाला हेडफोन लावून मी रोज पाऊण तास बसतो. पहिले सहा महिने फक्त ग चा म आणि प चा ध केला.

मिरजेत तलवारींना धार लावणारे शिकलगार सतारी घडवू लागले, आणि त्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भोसरी ते चाकण या पट्ट्यात शाफ्ट, बुश, पिन आणि लिंकेज घडवणारे हजारो हात आहेत. त्यांतला एखादा हात या वाद्याकडे वळेल, असं मला मनापासून वाटतं.

परवाच्या गुरुवारी मित्र घरी आला. आपला बार कुठे सरकतो ते त्याला बघायचं होतं. मी वाजवायला बसलो. दोन मिनिटं त्यानं ऐकलं, मग मोबाइलचा टॉर्च लावून सरळ जमिनीवर पाठ टेकली आणि गिटारच्या खाली गेला.

"दाब," तो म्हणाला. मी दाबलं. ग चा म झाला.

"सोड. पुन्हा दाब."

चार-पाच वेळा असं झालं. मग खालूनच त्याचा आवाज आला, "म उतरताना किंचित लटपटतोय, ऐकलंस का? दुसऱ्या शाफ्टचा बुश झिजलाय. काढून ठेव, पुढच्या गुरुवारी नवा करून देतो."