वारीवरनं आल्यावर गोळ्या नेतो

ज्येष्ठ लागला की औषधाच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर येतं. "ह्या महिन्याच्या गोळ्या नगोत. वारीवरनं आल्यावर नेतो." बोलणारा साठी ओलांडलेला, बीपी आणि साखर दोन्हीचा मालक, पंधरवड्यात दिंडीबरोबर पंढरपूरला चालत निघणारा. का नकोत म्हणून विचारलं की उत्तर तयार असतं. "आवं, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालायचं. साखर ऱ्हातीय कुठं? आन् पांडुरंगाच्या वाटंवर कसली गोळी?" शेजारचं गिऱ्हाईक मान डोलावतं. त्याच्या मेव्हण्यानं मागल्या साली असंच केलेलं असतं आणि त्याला काहीही झालेलं नसतं. श्रद्धेबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या मेव्हण्याचा मात्र आता राग येऊ लागलाय.

त्यांच्या म्हणण्यातलं खरं तेवढं आधी मान्य करू. चालल्यानं साखर उतरते. राबणारे स्नायू रक्तातली साखर खेचून घेतात, आणि हा परिणाम मुक्कामावर पोचल्यावर संपत नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू शकतो. पण यातून 'डोस डॉक्टरांना दाखवून घ्या' एवढंच निघतं, 'गोळ्या बंद' हे निघत नाही. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर धोक्याइतकी सहसा पडत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची पडू शकते. त्यांचा डोस वारीपुरता कमी करायचा का, किती आणि कोणत्या वेळेचा, हे ठरवणं डॉक्टरांचं काम. मेव्हण्याचं नव्हे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचा सल्ला असा की इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्याची साखर चालण्याआधी ९० च्या खाली असेल, तर त्यानं आधी काहीतरी खाऊन घ्यावं.

पडलेली साखर ओळखायची खूण म्हणजे घाम, थरथर, धडधड आणि चिडचिड. पण वाटेत घाम सगळ्यांनाच आलेला असतो. मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधडही जाणवेनाशी होऊ शकते. उरते चिडचिड. म्हातारा टाळ खाली ठेवतो, विनाकारण कुणावर तरी खेकसतो, पाय वाकडे पडायला लागतात, आणि बाकीचे म्हणतात, "दमलेत, बसू द्या जरा." त्या वेळी बसवून तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. लाडू नको, तुपामुळं तो सावकाश उतरतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, पाणी नाही आणि तीर्थही नाही. कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा.

आणि वारीत साखर नुसती उतरतेच, हे कुणी सांगितलं? गावोगावी चहा असतो, तोही पाक केल्यासारखा. शिरा, राजगिऱ्याचे लाडू, केळी, चिक्की. "घ्या की माउली" म्हणत कुणी द्रोण पुढं केला की नाही म्हणणं जिवावर येतं. एकादशीला साबुदाणा आणि बटाटा. उपवासानं साखर कमी होते म्हणणाऱ्यानं त्या खिचडीनंतर दोन तासांनी ग्लुकोमीटर लावून बघावं. गोळ्या घरी ठेवलेल्या माणसाची साखर सकाळच्या मजलेत खाली आणि रात्रीच्या पंगतीनंतर तीनशेवर, असं होऊ शकतं, आणि दोन्ही वेळा त्याला पत्ता नसतो.

बीपीची कथा आणखी अवघड आहे. नियमित चालण्यानं बीपी थोडं उतरतं, पण त्याला आठवडे लागतात. काही गोळ्या तर एकदम बंद करण्यातच धोका असतो. आताच नाव घेतलेल्या मेटोप्रोलॉल आणि अॅटेनोलॉलवर अमेरिकेच्या एफडीएनं चौकटीतला इशारा छापायला लावलाय: हृदयविकार असलेल्यानं त्या अचानक सोडल्या तर छातीत कळ, प्रसंगी झटका येऊ शकतो. स्टेंट बसवलेल्यांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनानं एक दिवसही चुकवू नये. उलट, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उन्हात चालताना बीपी फार खाली नेऊ शकतात. त्यांचं काय करायचं, तेही निघण्याआधी विचारून घ्यायचं.

खरी गंमत पुढंच आहे. पांडुरंगाच्या वाटेवर गोळी नको म्हणणारा हाच माणूस पैसे देता देता सांगतो, "गुडघ्यासाठी ती दुखायची पट्टी द्या दोन." म्हणजे रोजची गोळी नको आणि डायक्लोफिनॅक चालतं! ही वेदनाशामकं बीपी वाढवतात, जठराला जखम करतात, आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावर घाव घालतात. त्यात लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर तिहेरी मार बसतो. बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी गुडघ्याला मलम, शेक आणि विश्रांतीच द्यावी. फारच झालं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या हिशेबात.

पाण्याचा गैरसमज मुख्यतः बायकांचा आहे, आणि त्याला गैरसमज म्हणायला जीभ रेटत नाही. "पाणी कमी प्यायलं की वाटेत जावं लागत नाही." खरंच लागत नाही. पण त्यातूनच लघवीला जळजळ, चक्कर, पायात गोळे येतात. आडोसा नसेल तर त्या माउलीनं करायचं काय, याचं उत्तर दिंडीचालकांनी द्यायचं असतं. थांबे ठरवताना जेवणाच्या जागेआधी शौचालयाची जागा ठरवावी.

कोल्हापूरकरांचा खास गैरसमज म्हणजे आषाढी म्हणजे पाऊस. आपण रेनकोट, प्लास्टिकचा कागद आणि छत्री बांधून निघतो. जयसिंगपूर, मिरजेपर्यंत ते उपयोगी पडतं. कवठेमहांकाळ मागं पडलं की पर्जन्यछायेचा मुलूख लागतो, आणि सांगोल्याकडं आषाढातही कोरडं, उकाड्याचं ऊन भेटू शकतं. टोपी, पाण्याची बाटली आणि ओआरएसची पाकिटं सामानात वरच हवीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुठीच्या अंदाजानं मीठ टाकू नये. इन्सुलिन उन्हात तापलेल्या पिशवीत ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात ठेवलं तरी ते पुष्कळ थंड राहतं.

आता पायांचं. अनवाणी चालल्यानं पाय कणखर होतात, असं म्हणतात. मधुमेहानं पायाची जाणीव गेली असेल तर खडा रुतल्याचंही कळत नाही, तापलेल्या डांबराचा चटकाही नाही. पायताण घालावं, आणि रोज रात्री तळवे दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत, आरशाच्या भरवशावर राहू नये. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण ते कातडं भिजलं की फुगतं, सुकताना आकसतं आणि चावतं. मागून पट्टा नसल्यानं बोटांनी चप्पल धरून चालावं लागतं, ते वेगळंच. लग्नाला घाला, वारीला नको. नवा कोरा बूटही नको. दोन महिने वापरून मऊ झालेला हवा.

रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरतो म्हणजे सराव झाला, असंही नाही. कोल्हापूर ते पंढरपूर पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरच्या घरात आहे, आळंदीहून निघाल्यास अडीचशे. पहिला दिवस उत्साहावर निघतो, शरीराची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. म्हणून सराव करताना लांबचं चालणं लागोपाठ दोन दिवस करावं, तेही खांद्यावर सामान घेऊन.

अर्ध्यात वारी सोडली तर दोष लागतो, हे कुणाच्याही मनात घालू नका. छातीत दडपण आलं, धाप लागली की तिथंच गाडीत बसायचं. आणि डॉक्टरांनी पंढरपूरची वाट नको म्हटलंच, तर आषाढी एकादशीला कोल्हापुरातच मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून जवळच्या नंदवाळची दिंडी निघते. वाटेत पुईखडीला रिंगण होतं. निम्म्यात दमलं तरी घर जवळ आहे, आणि सकाळची गोळी घेऊन निघालेला माणूस रात्रीच्या गोळीला घरी असतो.