हेक्टरी ५६ शंख

बहामाच्या राजधानीत, नासाऊच्या मासळी धक्क्यावर, क्वीन कॉन्कच्या रिकाम्या शंखांचे ढीग पडलेले दिसतात. आतून गुलाबी, वाढला तर फूटभर लांब. आतल्या गोगलगायीचं मांस लिंबू पिळून कच्चंच खातात, त्याची भजी तळतात आणि बरंचसं अमेरिकेला पाठवतात. (आपल्या देवघरातला शंख वेगळ्या जातीचा.) कॅरिबियन समुद्रातल्या हजारो कोळ्यांची चूल या प्राण्यावर पेटते, पण बहुतेक ठिकाणी त्याची संख्या घटली आहे. १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचं नियंत्रण आहे, तर २०२४ मध्ये अमेरिकेनं त्याला धोक्यातल्या जातींच्या यादीत घातलं.

मादी एका वेळी काही लाख अंडी घालते. मग तुटवडा का पडावा? अनेक शिंपले आपली बीजं पाण्यात सोडून मोकळे होतात. कॉन्कच्या नर-मादीला मात्र प्रत्यक्ष भेटावं लागतं. समुद्रगवतातून रांगणाऱ्या या प्राण्याला जोडीदार लांब असला की तो सापडतच नाही. ॲलन स्टोनर आणि मेलडी रे-कल्प यांनी बहामात पाहणी केली, तेव्हा हेक्टरी ५६ हून कमी प्रौढ शंख असलेल्या जागी एकही मिलन दिसलं नाही. म्हणजे शंख शिल्लक असतात, पण वंश थांबलेला असतो.

अशा जागी दुसरीकडून पिल्लं वाहत येतील, ही आशा बरीच वर्षं होती. अंड्यातून निघालेले डिंभक तीनचार आठवडे प्रवाहांबरोबर तरंगतात. तेवढ्या काळात ते शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. तसं सर्रास होत असतं तर सगळ्या कॅरिबियनमधल्या शंखांची जनुकं एकमेकांत मिसळून गेली असती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ ठिकाणच्या ६४३ शंखांचा डीएनए तपासला, तेव्हा वेगळंच दिसलं. प्रवाहाच्या वाटेनं अंतर जितकं जास्त, तितका जनुकीय फरक जास्त. शेजारच्या बेटांमध्ये देवाणघेवाण होते, दूरच्यांमध्ये फारच थोडी. फ्लोरिडानं १९८० च्या दशकाच्या मध्यात कॉन्कची मासेमारी पूर्ण बंद केली, तरी तिथली संख्या अजून पूर्वपदावर आलेली नाही. वरच्या दोन्ही अभ्यासांच्या प्रकाशात हे समजू लागतं: उरलेले शंख विखुरलेले आणि बाहेरून येणारी भर तुटपुंजी.

त्यामुळे प्रत्येक देशानं, खरं तर प्रत्येक उथळ पट्ट्यानं, आपल्या प्रौढ माद्या आपणच राखायला हव्यात. इथं शंखाचा ओठ कामाला येतो. वाढ पुरी झाली की शंखाची कड बाहेर पसरते आणि पुढं फक्त जाड होत जाते. बहामाचा कायदा वर्षानुवर्षं कड पसरली आहे की नाही एवढंच पाहत आला. पण कड साधारण १५ मिलिमीटर जाड होईपर्यंत बरेच प्राणी प्रजननक्षम नसतात, असं तिथल्याच संशोधनातून पुढं आलं आहे. पातळ ओठाचा शंख कायदेशीरपणे पकडला जातो, तेव्हा बहुधा त्यानं एकदाही अंडी घातलेली नसतात. माझ्या मते पहिली सुधारणा इथंच व्हावी: नियमात जाडीचा आकडा यावा आणि ती मोजायचं साधं माप प्रत्येक होडीत असावं.